कोतवाल ऑन द वे

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या तोंडात उरलेल्या चार दातांची शप्पथ, गोठ्यातल्या शेळीची शप्पथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर शेजारणीच्या शेळीची पण शप्पथ. ज्याला पटत नसेल त्यानं एटापल्लीला जावं, बाजारात उभं राहून नुसतं "कोंबडा" म्हणावं. पुढचं लोकच सांगतील. म्हाताऱ्या बाया फेकतात असं म्हणतात, पण मी नाही. फेकायला हातात जोर लागतो, तो आता राहिला कुठे?

तर त्या दिवशी भल्या सकाळी सीताबाई एटापल्लीच्या चौकात काखेत कोंबडा धरून उभी होती. वारलू ड्रायव्हरची 'वनराणी' मिनीबस चंद्रपूरला सहाला निघते, आणि त्या दिवशीही ती सहाच्या ठोक्याला निघायला तयार होती. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. सीताबाईच्या मात्र डोक्यातून निघत होती. कारण होता गाडीचा क्लीनर झिंगू.

"हे पाय झिंगू, याले नीट धर. चंद्रपूरच्या स्टँडवर आमचे जावई उभे राह्यतीन, त्याईच्याच हातात दे. पोचते ना?"

"बाय हँड जाईन, मावशी."

"मले मराठीत सांग. पोचते का नाई?"

"विदाउट टेन्शन!"

"अरे, हो म्हन नाईतर नाई म्हन!"

झिंगूनं बोटं मोजली. "मावशी, आज पाच वाक्यं कराची हायेत. तुमच्यावर दोन झाले. अजून एक इचारा ना."

सीताबाईनं त्याला जे विचारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्याचं मूळ तिच्याच पोटी जन्मलं होतं. तिचा मुलगा लोकेश. सायकलच्या दुकानामागे पत्र्याच्या खोलीत तो इंग्रजी बोलायचा क्लास चालवायचा. त्याचं म्हणणं असं की व्याकरण शिकत बसलं तर माणूस मरून जाईल, पण बोलणार नाही. म्हणून आधी छोटे छोटे तुकडे शिकायचे, ऑन द वे, इन टाईम, अंडर कंट्रोल, आणि रोजच्या बोलण्यात पेरायचे. रोज पाच वाक्यं. कोणावरही करा, पण करा.

आणि गावानं केली. दोन महिन्यांत एटापल्लीत 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द औषधाला उरले नाहीत. मोटर दुरुस्त झाली का विचारावं, तर मिस्त्री म्हणे, "अंडर रिपेअर." शेजारणीनं नेलेलं सूप मागायला जावं, तर ती म्हणे, "इन यूज." खुद्द लोकेशला सरपण फोडायला सांगावं, तर "इन अ मिनिट, आई."

"कित्ती मोठा हाय रे तुहा मिनिट?" सीताबाई ओरडायची. "दिवाळीपासून एकच चालू हाय! मराठीत खोटं बोललं त जिभेले चटका बसते. तुह्या इंग्रजीत नुसती फुंकर बसते. म्हणूनच सारे शिकून राह्यले!"

तिला राग यायला कारणही तसंच होतं. तिची लेक सरिता चंद्रपूरला दिलेली. सरिताच्या डोहाळजेवणाला सीताबाईनं चारोळीचे लाडू पाठवायचं कबूल केलं होतं. रात्रभर जागून लाडू वळले, लोकेशच्या ताब्यात दिले. लोकेशनं ते कुणाकडे तरी दिले, त्यानं आणखी कुणाकडे. तिकडे पाहुणे जेवून उठले, विहीणबाईनं फोन केला, आणि लोकेश म्हणाला, "ऑन द वे." लाडू काही पोचले नाहीत. तेव्हापासून विहीणबाई चारचौघींत सरिताला विचारायच्या, "काय गं, तुह्या मायचे लाडू कुठवर आले? अजून ऑन द वेच हायेत का?"

आता सरिताला मुलगी झाली होती. त्याच दिवशी संध्याकाळी तिचं नाव ठेवायचं होतं. बाळंतिणीला माहेरच्या गावरान कोंबड्याचा रस्सा द्यायचा, ही तिकडची रीत. सीताबाईनं फोनवर विहीणबाईला ठणकावून सांगितलं होतं, "कोंबडा माह्या घरचा येईन. लाडू नव्हेत ते, पायानं चालत येईन!"

विहीणबाई म्हणाल्या, "पाहू."

त्या एका 'पाहू'नं सीताबाईची आठ दिवस झोप उडाली होती.

स्वतः घेऊन गेली असती, पण मळणीयंत्राचा नंबर नेमका त्याच सकाळी लागला. धान उघड्यावर टाकून कसं जाणार? आणि आपल्याकडे तर सगळंच गाडीच्या हाती जातं. औषधं जातात, चाव्या जातात, सासरी रुसलेल्या सुनेचा निरोपसुद्धा ड्रायव्हरच सांगतो. तेव्हा ठरलं: कोंबडा सकाळच्या गाडीनं, सीताबाई दुपारच्या.

कोंबडा साधा नव्हता. तांबडा, तुरेबाज, शेपटीला हिरवट काळी पिसं. नाव कोतवाल. त्याची एक खोड साऱ्या गावाला ठाऊक होती. कुठल्याही गाडीनं हॉर्न वाजवला की हा मान ताणून उत्तर द्यायचा. ट्रकला देई, मोटरसायकलला देई, एकदा तर मंत्र्यांच्या ताफ्यातल्या नऊच्या नऊ गाड्यांना एकेक करून दिलं होतं.

गाडी सुटली. सीताबाई खळ्यावर गेली, पण चित्त धानात नव्हतं. पोती भरता भरता तिनं झिंगूला फोन लावला.

"झिंगू, कुठी हाय कोतवाल?"

"अंडर द सीट, मावशी."

"बरा हाय?"

"अंडर कंट्रोल."

"फोन दे त्याले."

"कोनाले?"

"कोंबड्याले! बोलाचं नाई मले, आयकाचं हाय. वारलूले हॉर्न माराले सांग."

पलीकडे जरा कुजबुज झाली. मग वनराणीचा हॉर्न वाजला. लांबलचक, हत्ती पळेल असा. सीताबाईनं कान लावला. हॉर्न थांबला. इंजिनची घरघर, कोणाचं तरी खोकणं. कोंबडा नाही.

"काऊन नाई ओरडला तो?"

"मावशी, तो… तो इन शॉक हाय."

"झिंग्याऽऽ!"

"हॅलो? हॅलो? मावशी, मी आउट ऑफ कव्हरेज जाऊन राह्यलो!"

आणि फोन बंद. आउट ऑफ कव्हरेज जाणारा माणूस ते आधी सांगून जातो, हे सीताबाईनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

तिनं धान शेजारणीच्या हवाली केलं, क्लासमध्ये घुसली आणि फळ्यापुढे उभ्या असलेल्या लोकेशची कॉलर धरली. विद्यार्थी उठून उभे राहिले.

"काढ मोटरसायकल!"

"आई, मी ऑन ड्यूटी…"

"आत्ता तुले ऑफ करते मी!"

अंगावर मळणीचा भुसा, पदराच्या ओच्यात मूठ-दोन मूठ धान तसंच, अशा अवतारात ती मागे बसली. आलापल्लीपर्यंत लोकेशनं एक शब्द काढला नाही. तिनं एवढे काढले की त्याला जागाच मिळाली नाही.

आलापल्लीच्या चौकात सुकरीबाईचं चहाचं दुकान आहे. सीताबाईनं उतरायच्या आधीच विचारलं, "बाई, सकाळी वनराणी इथी थांबली होती?"

सुकरीबाई हसायलाच लागली. "थांबली? तमाशा झाला, बाई! तुमचा होय का तो तांबडा? त्या झिंगूले त्यानं चोच मारली, म्हणून त्यानं पायाची दोरी सोडली आन् त्याले ड्रायव्हरच्या बाजूले बोनेटवर बसवलं. ड्रायव्हर हॉर्न मारे, हा ओरडे. ड्रायव्हरले लागला नाद. सारे लोक हसे. हाफ तिकीट बी फाडलं म्हने त्याचं. आन् इथी गाय आडवी आली, ड्रायव्हरनं मारला मोठ्ठा हॉर्न, तसा हा खिडकीतून भुर्र!"

"मंग?"

"मंग काय, सारी गाडी खाली उतरली. कोर्टात तारखेले चालला एक मानूस, तो फाईल टाकून पळला. एक नवरदेव होता, तो बी पळला. झिंगूच्या हाती शेपटीचे पिसं तेवढे आले. कोंबडा गेला सागाच्या रानात. ड्रायव्हर म्हने, चला, इन टाईम पोचाचं हाय. गेले."

सीताबाई मटकन बाकावर बसली. तेवढ्यात पदरातला फोन वाजला. पलीकडे सरिताऐवजी विहीणबाईच होत्या.

"काय विहीणबाई, पाहुने जमून राह्यले हायेत. कोंबडा कुठवर आला?"

सीताबाईच्या डोळ्यांपुढे सरिता आली. बाळ मांडीवर, मान खाली, आणि भोवती हसणाऱ्या बाया. पळाला म्हणावं? मग जन्मभर ऐका. तिनं तोंड उघडलं. आतून काय येणार ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"ऑन द वे," सीताबाई म्हणाली.

लोकेशच्या हातातला चहा सांडला.

"कोनाच्या संगं येऊन राह्यला?"

"बाय हँड."

"पोचन ना वेळेवर?"

"इन टाईम!" आणि फोन ठेवून सीताबाईनं जीभ चाचपून पाहिली. चटका कुठेच बसला नव्हता. उलट जरा गारच वाटत होतं. याचाच तिला जास्त संताप आला.

"आई," लोकेश भारावून म्हणाला, "तीन वाक्यं! तेही एकदम फ्लुएंट!"

"दात पाडीन. चाल रानात."

रान म्हणजे रान. सागामागे साग, खाली वाळक्या पानांचा खच. पाऊल टाकलं की सगळं चरचरतं, कोंबडा कुठे अन् काय कुठे. सीताबाईनं "आ, आ, तू, तू, तू" करून घसा कोरडा केला. शेवटी ती रस्त्याकडे वळून ओरडली, "अरे बिनडोक्या, उभा काऊन हायेस? हॉर्न मार!"

लोकेशनं मोटरसायकलचा हॉर्न मारला. पीं पीं. रान गप्प. पुन्हा मारला. आणि लांबून, उंचावरून, मोठ्या रुबाबात उत्तर आलं, "कुकूच्कूऽऽऽ!"

सागाच्या शेंड्याला कोतवाल बसला होता. शेपटी अर्धी झाली होती, पण तोरा पूर्ण होता. सीताबाईनं ओच्यातलं धान पसरलं आणि खाली उभं राहून त्याचा असा काही उद्धार केला की कोणीही खाली उतरलं असतं. तो उतरला. तो धान टिपत असताना तिनं त्याला झडप घालून पकडलं, खांद्यावरच्या शालीत गुंडाळलं आणि छातीशी धरलं.

"आता कोनाच्या हाती नाई देनार. मीच नेते. गाडीले तोंड चंद्रपूरकडे कर."

"आई, अंगावर भुसा हाय तुह्या."

"असू दे. इज्जत त हाय ना?"

आष्टी गेलं. गोंडपिपरीजवळ मोटरसायकल पंक्चर झाली, तिथे दोन तास गेले. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला कोतवाल शालीतून उत्तर देत होता. ट्रकवाले दचकून मागे वळून बघत, ही बाई ओरडली की काय. सीताबाईच्या फोनचा जीव वाटेतच गेला होता, लोकेशचा फोन तर सकाळपासून चार्जिंगला घरीच राहिला होता. त्यामुळे चंद्रपुरात काय चाललंय याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

दिवेलागणीला ते सरिताच्या दारात पोचले. मांडव, खुर्च्या, पाहुणे. बुद्धवंदना होऊन गेली होती, नातीचं नाव दिव्या ठेवून झालं होतं.  आता विहीणबाई सगळ्यांसमोर विचारणार. पण दारातच विहीणबाईचे थोरले दीर वामनराव पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "वा वा, बाई! कोंबडा भेटला बरं का! दुपारीच आला. वास त सुटला हाय, बस!"

सीताबाईच्या शालीत कोतवालनं अंग हलवलं.

तिनं शाल घट्ट ओढली. लोकेशला तिथेच पाहुण्यांत सोडलं आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. विहीणबाई एकट्याच होत्या. चुलीवरच्या मोठ्या गंजावर झाकण ठेवून त्या झाकणावर दोन्ही हात दाबून उभ्या होत्या, जसं काही आतलं उडून जाणार होतं.

"या," विहीणबाई म्हणाल्या. "तुमचा कोंबडा शिजून राह्यला."

"माहा कोंबडा?" सीताबाईनं शाल बाजूला केली. "माहा कोंबडा त हा हाय!"

विहीणबाईनं कोतवालाकडे बघितलं. मग गंजाकडे बघितलं. मग फळीवरच्या डब्यामागून एक पुडी काढून सीताबाईपुढे धरली. पुडीत तीन हिरवट काळी पिसं होती, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली.

"टोपलीत बॉयलर होता," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पांढराफटक. बसला त उठे ना. आन् शेपटीले हे बांधून!"

"झिंग्याऽ…" सीताबाईच्या मुठी वळल्या. "रस्त्यात घेतला असन मेल्यानं कोन्या दुकानातून! पिसं माह्या कोतवालाचे अन् धड कोनाचं! उद्या त्याच्या मागं पिसं बांधून एटापल्लीत फिरवते का नाई पाहा!" मग एकदम थांबून तिनं विहीणबाईला न्याहाळलं. "पन तुम्ही काऊन नाई बोलल्या? टोमने माराले त तुमाले मुहूर्त लागत नाई."

विहीणबाईचा चेहरा पडला. "कोन्या तोंडानं बोलू? माह्या दोघी ननदा बल्लारपूरवरून आल्या हायेत. आठ दिवसापासून त्याईले सांगून राह्यली, माह्या विहिणीकडून जंगलातला कोंबडा येते, तुमच्यासारखं दुकानातलं खात नाई आम्ही. आन् निघाला बॉयलर! माहीच इज्जत जात होती. मी आधी त्याचे पिसं काढले, मंग कोनाले आत येऊ दिलं."

"कोनी इचारलं नाई?"

"इचारलं ना. ननद म्हने, कोंबडा दाखव. मी म्हनलं…" विहीणबाई थांबल्या.

"काय म्हनल्या?"

"अंडर प्रोसेस."

सीताबाईनं डोळे बारीक केले. "हे कुठी शिकल्या तुम्ही?"

"आता काय सांगू," विहीणबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुमच्या लोकेशची मोबाईलवरची बॅच हाय ना. मंगळवार, गुरुवार. त्याले म्हनलं होतं, तुह्या मायले सांगू नको."

गंजात रस्सा खदखदत होता. मग सीताबाई पुढे झाली, कोतवालाला न्हाणीघरात टोपलीखाली झाकलं, वर बादली ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "सरका. बॉयलर हाय त मसाला जास्त लागन."

पंगत बसली. दोघी विहिणी खांद्याला खांदा लावून वाढत होत्या. असं दृश्य त्या घरानं कधी बघितलं नव्हतं. सरिता घास तोंडाशी धरून कधी आईकडे बघे, कधी सासूकडे. बल्लारपूरच्या नणंदा बोटं चाटत होत्या. वामनरावांनी तंगडी दातात धरली, ओढली आणि डोळे मिटले.

"याले म्हनते गावरान!" ते म्हणाले. "हे दुकानात भेटन का? जंगलातला दाना खाल्लेला हाय हा. पाहा ना, नुसत्या वासानं समजते. अस्सल तो अस्सल!"

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीनं हॉर्न वाजवला.

आणि न्हाणीघरातून, बादली पाडून, भांडी घणघणवून, मोठ्या रुबाबात उत्तर आलं.

"कुकूच्कूऽऽऽ!"

पंगत थांबली. वामनरावांनी तंगडी तोंडातून काढली. "हा कोन?"

"एटापल्लीचा कोतवाल," सीताबाई शांतपणे रस्सा वाढत म्हणाली. "ऑन द वे होता. आत्ता पोचला."

वामनरावांनी न्हाणीघराकडे बघितलं. मग हातातल्या तंगडीकडे बघितलं. "मंग हा कोन?"

दोघी विहिणींनी एकमेकींकडे बघितलं, आणि दोघींच्या तोंडून एकाच वेळी निघालं, "बाय मिस्टेक!"

कोतवालाला मग कोणी कापलं नाही. तो अजून चंद्रपुरातच आहे. सरिताच्या गच्चीवर राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला उत्तर देतो. विहीणबाई मात्र लाडवांचं नाव काढत नाहीत.

तर असं झालं. कोंबड्याचं हाफ तिकीट खरं, फाईल टाकून पळालेला माणूस खरा, नवरदेव खरा, दोऱ्यानं बांधलेली पिसं तर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. पण शेळीची शप्पथ घेतली आहे, आणि शेळी दूध आटवायला बसली तर मला महागात पडेल, म्हणून एक सांगून टाकते. सगळ्या गोष्टीत एकच गोष्ट मी पदरची घातली. वनराणी त्या दिवशी सहाच्या ठोक्याला निघाली नव्हती. ती तशी कधीच निघालेली नाही.